‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’, आणि पुढे?

पत्र मोठं होतं, कापून देतेय.

“काकू नमस्कार. मी मूळचा ग्वाल्हेरचा, जनकगंजात आमचं घर, आता वीस-बावीस वर्षं पुण्यात आहे. माझे वडील, आम्ही नाना म्हणायचो, छोट्या लाईनवर गार्ड होते, ग्वाल्हेर–श्योपूर. १९७३ ला लागले, २०११ ला रिटायर झाले, सगळी नोकरी त्याच एका लाईनवर. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. काका म्हणतात संध्याकाळी नातेवाईक, शेजारी, रेल्वेतले जुने लोक असे सगळे बोलवू आणि तू नानांवर पाच मिनिटं बोल. तीन रविवार लॅपटॉप उघडून बसलोय. ‘माझे वडील अत्यंत कष्टाळू, प्रेमळ आणि कुटुंबवत्सल होते’ याच्यापुढे काही सुचत नाही. खरं सांगू का, मला नाना माहीतच नव्हते असं वाटायला लागलंय. ते एकतर ड्युटीवर असायचे नाहीतर झोपलेले, आणि आई ‘आवाज करू नका’ म्हणायची. दिवाळीला बहुतेक वेळा घरी नसायचेच. त्यांच्या डायऱ्या आहेत पण त्यात काही नाही, नुसत्या गाडीच्या वेळा आणि घरखर्च. माझा जन्म झाला त्या दिवशीसुद्धा एवढंच लिहिलंय, ‘सुमावली २२ मि. लेट. घरी मुलगा. पेढे १ किलो.’

दुसरं म्हणजे ताई. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. १९९५ मध्ये तिचा भोपाळला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, नानांनी पाठवलं नाही. तिने ग्वाल्हेरलाच कमलाराजा कॉलेजात बीएस्सी केलं आणि मग लग्न. मला मात्र २००२ मध्ये पीएफमधून पैसे काढून पुण्याला पाठवलं. ताई म्हणते, तू त्यांना देव करणार असशील तर मी त्या संध्याकाळी येणार नाही. आता सांगा काय लिहू? आणि एक, नानांची ड्युटीची काळी पेटी घरी आहे, आई त्यात गहू भरून ठेवते. ती पुण्याला आणून वर काच टाकून सेंटर टेबल करावं असं मनात आहे. आई त्यावर काहीच बोलत नाही. – नानांचा मुलगा, वय ४१”

अरे, ‘पेढे १ किलो’ला आले आणि तिथेच थांबले, समोरचा चहा गार झाला. आणि तू म्हणतोस डायरीत काही नाही!

जरा विचार कर, गार्डाचं लिहिणं असतं कसं. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटं गेली आणि का गेली, हे लिहिणं हीच त्यांची नोकरी. अडतीस वर्षं रोज. अशा माणसाला मुलगा झाला तर तो कुठल्या भाषेत लिहिणार, कविता थोडीच करणार आहे, तो त्याच ओळीत, त्याच पेनाने, गाडीच्या खालोखाल तुला लिहितो. माझ्या मते त्या डायरीत ड्युटी आणि घर अशी दोन वेगळी खाती नव्हतीच, आणि तू ती वाचताना एक खातं सोडून दिलंस. परत वाच. आणि आईला विचार की त्या दिवशी त्यांना कळलं कसं, घरून कोणी स्टेशनवर निरोप दिला होता की रात्री परत आल्यावर दारातच कळलं, आणि किलोभर पेढे वाटले कोणाला. आईला हे नक्की आठवत असणार, बायकांना अशा दिवसाचं सगळं आठवतं, कोणती साडी होती इथपासून.

आता त्या तीन विशेषणांबद्दल. माझे वडील ए.जी. ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशोबांच्या महालेखापाल कार्यालयात होते, ते गेले तेव्हा शोकसभेत एका गृहस्थांनी त्यांना ‘मनमिळाऊ आणि अजातशत्रू’ म्हटलं, आणि दुसऱ्याच रांगेत माझे सख्खे काका बसले होते ज्यांच्याशी बाबा एका भिंतीच्या भांडणावरून एकोणीस वर्षं बोलले नव्हते. काकांनी मान खाली घातली, मला मात्र हसू आवरेना, आईने चिमटा काढला. तो माणूस खोटं बोलत होता असं नाही हं. त्याला बाबा माहीत नव्हते, आणि माहीत नसलं की ही विशेषणं लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांसारखी कामाला येतात, भाड्याने आणायची, कुठल्याही घरचं कार्य असलं तरी चालतात. तुला तीन रविवार पुढे सुचत नाहीये ते चांगलं लक्षण आहे, तुला ती टोचतायत.

म्हणून ‘नाना कसे होते’ हे लिहूच नकोस. नाना काय करायचे ते लिही. एका ड्युटीचा दिवस घे, एकच, आणि घरातून निघण्यापासून घरी येऊन झोपेपर्यंत तो दिवस लिहून काढ.

त्यासाठी आधी तुला ती गाडी माहीत हवी, आणि तुझ्या मुलांना तर ती अजिबातच माहीत नाही, त्यांना वाटत असेल आजोबा कुठल्यातरी राजधानी एक्सप्रेसमध्ये होते. त्यांना सांग की ही दोन फुटी रुळांची गाडी होती, शिंदे सरकारांच्या काळात घातलेली, १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोचली, जवळजवळ दोनशे किलोमीटर अंतर आणि त्याला दहा-अकरा तास. बामोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत करत. डब्यात जेवढी माणसं तेवढीच टपावर, दुधाच्या कॅन, बकऱ्या, लग्नाची वऱ्हाडं. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी बघायला आजही लोक तिकीट काढून जातात, आणि ही खरी गाडी २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला थांबली ती परत सुटलीच नाही, तिथे मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, करायला घेतली. नानांना तेव्हा रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. पण गाडी बंद झाली त्याच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी ते काय करत होते हे आईला विचार. आणि २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने ‘गार्ड’ हे नावच बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, ते ऐकून काय म्हणाले तेही विचार, मला तर खात्री आहे की काहीतरी तिरकस म्हणाले असतील.

गार्ड म्हणजे हिरवी झेंडी दाखवून शिट्टी मारणारा माणूस एवढंच आपल्याला वाटतं. गाडी मधेच रानात अडकली तर डबा सोडून मागे रुळावरून चालत जायचं आणि रुळावर डेटोनेटर लावून यायचे, म्हणजे मागून काही येत असेल तर फटाक्याच्या आवाजाने त्या ड्रायव्हरला कळावं. आता हे काम ग्वाल्हेरच्या जानेवारीत, जेव्हा धुक्यात समोरचं घर दिसत नाही, आणि चंबळच्या त्या बाजूला, इमॅजिन कर. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याजवळ बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं ठेवली, आणि तुझे नाना दुसऱ्याच वर्षी त्याच लाईनवर लागले. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं असेल ते. हातात एक बत्ती. भीती वाटायची का त्यांना? हे तू कधी विचारलं नाहीस, मीही माझ्या वडिलांना असलं काही विचारलं नाही, आपल्याकडे वडिलांना ‘तुम्हाला भीती वाटते का’ असं विचारायची पद्धतच नव्हती.

नोकरीला वर्ष होतंय तोवर मे १९७४ चा देशभरचा वीस दिवसांचा रेल्वे संप आला. नाना संपात होते की ड्युटीवर? आजीने काय सांगितलं होतं? हे सांगणारे आता हाताच्या बोटांवर असतील, म्हणून त्यांच्याबरोबरचे जे ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन आहेत त्यांना श्राद्धाच्या संध्याकाळची वाट न बघता आधीच गाठ. चार दिवस आधी ये. त्या संध्याकाळी ते येतील, हार घालतील, ‘बहुत भले आदमी थे गार्ड साब’ म्हणतील आणि चहा पिऊन जातील, तुझ्या हाती काही लागणार नाही. त्यांच्या घरी जा, तिळाची गजक घेऊन जा, फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून चालू कर आणि टेबलावर उलटा ठेवून दे म्हणजे लोकांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. आणि ‘कैसे थे’ विचारू नकोस, उत्तर ‘बहुत अच्छे’च येणार. विचार डब्यात काय आणायचे, सगळ्यात जास्त कशावर भडकायचे, रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावी मुक्कामाच्या खोलीत, झोपायच्या आधी काय करायचे, कोणाशी जमायचं नाही. जमायचं नाही हा प्रश्न विसरू नकोस, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत ठेव, मराठी करत बसू नकोस. नाना घरात मराठी आणि गाडीत हिंदी असे जगले ना, मग ते तसेच ऐकू येऊ देत.

दिवाळीबद्दल तू लिहिलंयस, त्यात मला थोडा राग दिसला, आणि तो असणारच. रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या गार्ड-ड्रायव्हरांना, किलोमीटरवर भत्ता मिळतो, गाडीवर जितकं जास्त तितके पैसे जास्त. आता दिवाळीला त्यांची ड्युटी लागायची, की ते दुसऱ्याची घ्यायचे, आणि घ्यायचे तर पैशासाठी की कोणा मित्राला घरी जाता यावं म्हणून, हे तीन वेगवेगळे नाना आहेत. कुठला खरा ते मला इथे बसून कळणार नाही आणि तूही परस्पर ठरवू नकोस. डायऱ्यांमधली दहा-पंधरा वर्षांची दिवाळीची पानं काढ, त्यांच्या मित्रांना विचार. काहीच कळलं नाही तर सरळ सांग की ‘दिवाळीला नाना घरी नसायचे, का नसायचे ते मला कळलेलं नाही, आणि मला ते आवडायचं नाही’. लोक ऐकून घेतात रे, उलट त्या वाक्याला मान वर करून बघतात.

आईबद्दल तुझ्या पत्रात दोनच वाक्यं आहेत, ‘आवाज करू नका’ आणि ‘काहीच बोलत नाही’. माझ्या वयाच्या बाईला हे टोचतं, म्हणून बोलून घेते. रात्री दोनला कॉल बॉय, म्हणजे ड्युटीचा निरोप आणणारा रेल्वेचा माणूस, दार वाजवणार, वहीवर सही घेणार, मग नाना उठणार आणि त्याच्या आधी आई उठणार कारण डबा. दिवसा ते झोपणार म्हणून दोन पोरांना गप्प ठेवायचं, उन्हाळ्यात शेचाळीस डिग्रीत अंगणात बसवायचं, आजारपणं, शाळा, पाहुणे सगळं एकटीने. कुटुंबवत्सल म्हणतोस ना त्यांना, ते वात्सल्य घरात चालवत कोण होतं? तिला ‘आई, नानांबद्दल सांग’ म्हटलंस तर पदर डोळ्याला लावेल आणि संपलं. त्यापेक्षा म्हण की नानांचा ड्युटीचा डबा जसा करायचीस तसा एकदा मला करून दे. पुऱ्या किती, भाजी सुकीच का, लोणचं कागदात की डबीत, हात चालायला लागले की बोलणं आपोआप सुरू होतं. तू फक्त ओट्यापाशी उभा राहा आणि मधे मधे बोलू नकोस.

(आणि ती एकटी आहे तर नोव्हेंबरात तिचं जीवन प्रमाणपत्र वेळेवर जमा झालं ना ते बघ, फॅमिली पेन्शन त्यावर चालते. विषयाला सोडून आहे पण नानांनी हे आधी विचारलं असतं.)

आता ताई. हा तुझ्या पत्राचा खरा मुद्दा आहे असं मला वाटतं, तू तो ‘दुसरं म्हणजे’ करून टाकलास.

तिची अट मला तरी बरोबर वाटते. ती असं म्हणत नाहीये की नानांची निंदा कर. १९९५ ला मुलीला भोपाळला पाठवायला नाही म्हटलं आणि २००२ ला मुलाला पीएफ काढून पुण्याला पाठवलं, हे एकाच माणसाने केलं, आणि तू जर त्या संध्याकाळी फक्त २००२ सांगितलंस तर तिच्या आयुष्यातलं १९९५ झालंच नाही असा अर्थ होतो. तेही सगळ्या गावासमोर. मग ती कशाला येईल?

‘त्या काळी असंच होतं’ हे तिला ऐकवू नकोस. १९९५ म्हणजे काही पेशवाई नव्हती, जनकगंजातल्याच कितीतरी मुली तोवर इंदूर-भोपाळला शिकून आल्या होत्या, मी शिकवलेल्याच होत्या काही. आणि नानांच्या वतीने तू माफीही मागू नकोस, ती तुझी नाही मागायची. तुला जे मागायचंय ते वेगळं आहे, त्या पैशावर तू पुण्याला गेलास आणि इतकी वर्षं तिच्याशी या विषयावर एक शब्द बोलला नाहीस, तेवढं तुझं आहे. फोन कर. व्हॉट्सॅपवर लिहू नकोस, फोन कर, आणि तीन रविवार लॅपटॉपपुढे घालवलेस त्यातला एक तिला दे.

त्या १९९५ च्या जून-जुलैच्या डायरीत काय आहे हे बघायचा मोह तुला होणार, मला तर आत्ताच होतोय. पण ती पानं तू आधी उघडू नकोस. ताईला सांग की डायऱ्या आहेत, त्या वर्षाची तुझ्याकडे देतो, वाचायची की नाही, मला सांगायचं की नाही ते तू ठरव. कदाचित तिथे नुसतंच ‘कैलारस राईट टाइम’ असेल आणि किराणा. कदाचित भोपाळच्या होस्टेलच्या फीचा हिशोब मांडून खाली काही लिहिलेलं असेल. पैसे नव्हते असं निघालं तरी तू लगेच ‘बघ, नानांचा नाइलाज होता’ करत धावू नकोस, कारण नाइलाज असला तरी घरात मुलीला बसवून ‘बाळ, पैसे नाहीत’ हे सांगता येत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या मनात फीपेक्षा ते जास्त असेल, असा माझा अंदाज, चूक असू शकतो.

आणि पाच मिनिटं तुझी एकट्याची कशाला? अडीच तिला दे. ती बोलली तर बोलली, नको म्हणाली तर तिला विचारून एवढं एक वाक्य तू घे, की नानांनी ताईला भोपाळला पाठवलं नाही आणि मला पाठवलं, आमच्या घरात हे कधी बोललं गेलं नाही. बस. त्याला ‘पण’ जोडायचा नाही. काका नाराज होतील, श्राद्धाच्या दिवशी असं कशाला म्हणतील. त्यांना म्हण की सकाळी गुरुजींनी सांगितलं ते सगळं विधिवत केलं, पिंड दिले, ताटं वाढली, संध्याकाळी आम्ही आमच्या वडिलांबद्दल बोलतोय.

लिहिताना पाच मिनिटं म्हणजे सावकाश वाचून पाचशे-साडेपाचशे शब्द होतात, जास्त नाही. मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, मोबाईलमधून वाचू नकोस, मधेच कोणाचा तरी फोन येईल. सुरुवात मी तुझ्या जागी असते तर ‘सुमावली २२ मि. लेट’ अशीच केली असती, काही प्रस्तावना न करता. समोरच्या रांगेत जे म्हातारे गार्ड-ड्रायव्हर बसलेले असतील त्यांना ते ताबडतोब कळेल, आणि बाकीच्यांना तू पुढे सांगशीलच. मधे आवाज गेला तर थांब, पाणी पी, कोणाला घाई नसते. कविता नको, शेर तर मुळीच नको, आपल्या ग्वाल्हेरात प्रत्येक शोकसभेत एक शेर होतोच.

राहिली पेटी. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात नाव असेल ना अजून, तिच्यात झेंड्या, बत्ती, डेटोनेटर, रूल बुक असं सगळं भरून ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढायची, नाना आणि ती पेटी बरोबरच ड्युटीवर जायचे. सेंटर टेबलची आयडिया वाईट नाही, पुण्याच्या फ्लॅटमध्ये छान दिसेल, येणारे-जाणारे विचारतील, तू सांगशील. पण तू लिहिलंयस की आई त्यावर काहीच बोलत नाही. अरे, ते बोलणंच आहे. नाना रिटायर झाल्यापासून ती पेटी तिच्या स्वयंपाकघरात आहे आणि रोज तिचं झाकण ती उघडते. श्राद्धाला येशील तेव्हा एकदा सगळे गहू चादरीवर काढ, उन्हात घाल, पेटी आतून पुसून घे, तळाशी एखादा कागद अडकलाय का बघ. मग गहू परत भर. चांगला पन्नास किलो घेऊन ये बाजारातून आणि काठोकाठ भर.